नाव हरवलेली बाटली

बंगळुरातल्या एखाद्या शाळेतून, सेवकवर्गास रासायनिक द्रव्यांपासून संभवणाऱ्या अपायांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे निमंत्रण आले की तेथील मुख्याध्यापक मला मोठ्या अगत्याने प्रथम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे घेऊन जातात. भिंतीवरचे मूलद्रव्यांचे कोष्टक, काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या बाटल्या आणि दाराशेजारची वाळूची तांबडी बादली ही सर्व सामग्री ते अभिमानाने दाखवितात, आणि ती पाहून झाल्यावर मी जेव्हा जिन्याखालची कुलूपबंद खोली उघडण्याची विनंती करतो, तेव्हा पाहुण्याने दिवाणखाना सोडून अडगळीत डोकावावे आणि यजमानास संकोच वाटावा, तसा संकोच त्यांच्या मुद्रेवर उमटतो. त्या खोलीची किल्ली बहुधा त्यांच्यापाशी नसतेच. ती असते आयाबाईंच्या कमरेला, किंवा ज्याला या शहरात अटेंडर म्हणतात त्या शिपायाच्या खिशात; आणि शाळेतील धोक्यांची खरी मोजदाद करावयाची तर तिचा आरंभ या किल्लीपासूनच करावा लागतो.

खोली उघडली की आत काय आढळते याचा तपशील आता मला पाठ झाला आहे: संडासात ओतण्याचे ‘ॲसिड’, म्हणजे पाण्यात मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्ल, काळे फिनाईल आणि पांढरे फिनाईल, तोंड उघडे राहून ओलावलेली ब्लीचिंग पावडरची पिशवी, मागच्या सुट्टीत रंगारी विसरून गेला तो थिनरचा डबा, वाळवीच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली, उंदरांचे विष, डांबरगोळ्या, जनरेटरसाठी आणून ठेवलेले डिझेल, आणि या सर्वांच्या सान्निध्यात, कोणी तरी घाईने ठेवलेला, दुपारच्या जेवणाचा डबा. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर निदान नाव तरी असते, तिचे गुणधर्म जाणणारा एक शिक्षक जवळपास असतो, आणि ती आठवड्यातून मोजके तास उघडते. ही खोली मात्र रोज सकाळी मुले येण्यापूर्वी आणि संध्याकाळी मुले गेल्यावर उघडते, आणि जी माणसे ती उघडतात त्यांना शाळेच्या कोणत्याही प्रशिक्षणाचे बोलावणे सहसा जात नाही.

एका शाळेत, जिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, मला अशाच खोलीच्या फळीवर पिण्याच्या पाण्याच्या पाच सारख्या बाटल्या रांगेत मांडलेल्या दिसल्या; दोहोंत स्वच्छ पाण्यासारखा द्रव, एकीत दुधासारखा, एकीत काळसर, आणि पाचवी रिकामी. कशात काय आहे, असे मी विचारताच तेथील अटेंडर पुढे झाला, त्याने पहिल्या बाटलीचे बूच काढले, ती नाकाशी नेली, आणि तोंड वेंगाडून म्हणाला, ‘‘हे ॲसिड, सर. वासावरून कळते.’’ दुसऱ्या बाटलीत खरोखरच पाणी होते, आणि ते त्याचे स्वतःचे पिण्याचे होते. मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण थोडी चौकशी करताच दोष त्याच्याकडे कितपत जातो याचीच शंका येऊ लागली: ॲसिडचा कॅन पाच लिटरचा, स्वच्छतागृहे तीन मजल्यांवर विखुरलेली, तो कॅन घेऊन जिने चढणे त्याच्या गुडघ्यांना झेपेना, आणि लहान बाटल्यांची मागणी केली तर ‘मोठा कॅन स्वस्त पडतो’ असा शेरा मारून दप्तरातून ती परत येई. अपघाताचे बीज निष्काळजीपणात असते ही समजूत वरिष्ठांना सोयीची असली तरी अपुरी आहे. ते बहुतेक वेळा अशा एखाद्या लहानशा, समजण्याजोग्या सोयीत असते, आणि ती सोय ज्या क्षणी एखाद्या द्रव्यास त्याच्या स्वतःच्या नावाच्या भांड्यातून काढून बिननावाच्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या भांड्यात घालते, त्या क्षणी ते बीज रुजते. म्हणून शाळेत शिकवण्याजोगी रसायनविषयक पहिली गोष्ट रसायनशास्त्राची नाहीच. ती बारशाची आहे.

बिननावाच्या भांड्याने काय ओढवते याचे आपल्या देशातले अत्यंत भीषण उदाहरण प्रयोगशाळेत घडले नाही, शाळेच्या चुलीपाशी घडले. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी प्राथमिक शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक आढळले, आणि स्वयंपाकाचे तेल ज्या डब्यात होते तो डबा पूर्वी त्या कीटकनाशकाचा असावा असे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. मुख्याध्यापिकेस पुढे २०१६ साली न्यायालयाने दोषी ठरविले. या सर्व प्रकरणातली माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. तेल बरोबर दिसत नाही, अशी शंका आपण बोलून दाखविली होती आणि ती कोणी मनावर घेतली नाही, असे तेथील स्वयंपाकिणीने नंतर सांगितले. धोका प्रथम जिच्या लक्षात येतो तिच्या शब्दाला शाळेच्या उतरंडीत सर्वांत कमी वजन असते; आणि ‘हे मला ठीक दिसत नाही’ एवढे म्हणून काम थांबविण्याचा अधिकार स्वयंपाकिणीस, आयाबाईस व शिपायास लेखी हुकमाने देणे हे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक मोलाचे प्रशिक्षण आहे. कर्नाटकातील अक्षर दासोह योजनेच्या स्वयंपाकघरांपासून खाजगी शाळांच्या उपाहारगृहांपर्यंत एवढा एक नियम अपवादाविना पाळला जावा: खाद्यपदार्थाचे भांडे द्रव्यासाठी नाही, आणि द्रव्याचे भांडे, ते कितीही वेळा घासले तरी, खाद्यपदार्थासाठी नाही. रिकामा झालेला कॅन भोके पाडून भंगारात टाकावा. ‘उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेली वस्तू पुष्कळदा नको त्या उपयोगी पडते.

त्याच आठवड्यात, म्हणजे १८ जुलै २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ॲसिडच्या विक्रीसंबंधी जे आदेश दिले त्यांची दुकानदारांना लागू असलेली कलमे वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजली: खरेदीदाराची नोंद ठेवावी, छायाचित्रासह ओळखपत्र पाहावे, कारण विचारावे, अठरा वर्षांखालील कोणासही विकू नये. शिक्षणसंस्थांना लागू असलेला भाग मात्र फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. ॲसिड बाळगणाऱ्या शिक्षणसंस्थेने त्याच्या वापराची नोंदवही ठेवावी व ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण महाराष्ट्रात ज्याला प्रांतसाहेब म्हणतो त्याच्याकडे, दाखल करावी; ते ताब्यात ठेवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर असावी; साठा तिच्याच देखरेखीखाली राहावा; आणि जेथे ते वापरले वा ठेवले जाते तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची व सेवकांची तपासणी व्हावी. हा आदेश ज्या हेतूने निघाला तो, स्त्रियांवरील हल्ले रोखण्याचा हेतू, अगदी निराळा होता; पण शाळेच्या दृष्टीने पाहिले तर जिन्याखालच्या खोलीला एक धनी मिळवून देण्याची सोय त्यात आपोआप झाली आहे. ‘ही वही कोणाकडे आहे?’ हा प्रश्न पालकांनी आणि सरकारी शाळांच्या विकास व देखरेख समितीच्या सभासदांनी पुढच्या सभेत विचारून पाहावा. उत्तरापूर्वीचे मौन किती लांबते यावरून पुष्कळ कळते.

आता नाव द्यावयाचे म्हटले म्हणजे ते कोणत्या भाषेत द्यावे, हा प्रश्न बंगळुरात जितका नाजूक आहे तितका तो पुण्याकोल्हापुरात असणार नाही. येथील एका शाळेच्या सेवकवर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, दखनी उर्दू आणि अलीकडे पूर्वेकडून आलेल्या तरुणांमुळे बंगाली व उडिया एवढ्या भाषा सुखाने नांदतात. माझ्या पहिल्या काही व्याख्यानांत मी मराठी वळणाच्या हिंदीत ‘इसमें धोका है’ असे मोठ्या कळकळीने सांगत असे, आणि दखनी बोलणाऱ्या आयाबाई माझ्याकडे विस्मयाने पाहत. कारण आपला ‘धोका’ त्यांच्या भाषेत पोचता पोचता ‘फसवणूक’ होतो, आणि फिनाईलच्या डब्यात कोणी कोणाला फसविले हे त्यांना उमगत नसे. त्यांच्यासाठी शब्द ‘खतरा’. कन्नडात तो ‘अपाय’. वीजमंडळाच्या खांबावर कवटीखाली लिहिलेला तो शब्द रस्त्याने जाणारा प्रत्येक मराठी माणूस पाहतो, आणि उपायाचा हा जुळा भाऊ आपल्यापेक्षा कन्नडिगांनी अधिक नेमकेपणाने सांभाळला आहे असे मला नेहमी वाटते. चिठ्ठीवर द्रव्याचे नाव कन्नडात व जी भाषा त्या खोलीत खरोखर वाचली जाते तीत मोठ्या अक्षरांत लिहावे, खाली ‘अपाय’ किंवा ‘विष’ एवढाच शब्द, भांडे उघडल्याची तारीख, आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी चित्र.

ही चित्रे नव्याने शोधून काढण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमाने या शतकाच्या आरंभी ठरलेल्या जागतिक पद्धतीत तांबड्या कडेच्या चौकटीतली, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनातली नऊ चिन्हे आहेत. ज्वाला म्हणजे पेट घेणारे, हातावर व धातूवर ओघळणारे थेंब म्हणजे जाळून खाणारे, कवटी म्हणजे तीव्र विष, ही तीन ओळखता आली तरी शाळेतले बरेचसे काम भागते. कीटकनाशकांच्या डब्यावर आपल्या देशाची स्वतंत्र खूण असते: चौकोनाच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणास तांबडा, पिवळा, निळा वा हिरवा रंग दिलेला असतो, आणि विषाचा जोर त्याच क्रमाने उतरत जातो, हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र कोणी करून घेऊ नये. यांखेरीज विक्रेत्याकडून प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा-माहितीपत्रक मागून घ्यावे. त्याचे सोळा भाग असतात आणि सोळाही वाचण्याची अपेक्षा शिपायाकडून करणे हा अन्याय आहे. परंतु दुसरा भाग धोके सांगतो, चौथा प्रथमोपचार, सातवा साठवण आणि आठवा हातमोजे-चष्म्यासारखी साधने, एवढे चार उतारे कोणी तरी शिक्षकाने सोप्या कन्नडात उतरवून खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविले, तर ते पत्रक कपाटातल्या फायलीत पडून राहण्यापेक्षा लाखपटीने बरे.

आता त्या चुकीकडे वळतो, जी मी सर्वांत अधिक वेळा पाहिली आहे. संडास नुसत्या ॲसिडने निघत नाही असे वाटले की त्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी, दोन औषधे एकत्र आली म्हणजे गुण दुप्पट येईल, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात त्या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो सोडला तोच हा वायू. तो हवेच्या अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात ज्या उंचीवर तो साचतो त्याच उंचीवर, उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईचे नाक असते. ब्लीच आणि अमोनियायुक्त काचपुसणी यांचा मिलाफही असाच घातक. म्हणून शाळेने एका जागेसाठी एकच द्रव्य नेमून द्यावे, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच खोलीत तर नकोतच, आणि दुसरे वापरणे भागच पडले तर मध्ये भरपूर पाणी ओतून जागा धुऊन काढावी. वायू सुटलाच तर बादली उचलून आणण्याचा पराक्रम न करता सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि ज्याच्या छातीत तो गेला आहे त्यास, तो ‘आता बरे वाटते’ म्हणत असला तरी, डॉक्टरांस दाखवावे. फुफ्फुसांत पाणी भरण्याचा उपद्रव काही वेळा कित्येक तासांनी उद्भवतो.

नाकावर विसंबणाऱ्या माझ्या त्या अटेंडरची गोष्ट येथे पुन्हा आठवते. मैल्याच्या टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करतो, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आत उतरतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारांत व अशा टाक्यांत माणूस उतरविण्यास बंदी आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुराच्या शेजारच्या कोलार जिल्ह्यात, मालूर तालुक्यातील एका निवासी शाळेत चक्क विद्यार्थ्यांना मैल्याच्या टाकीत उतरविल्याचे उघडकीस आले आणि प्राचार्यांना अटक झाली. मुलांनी वर्ग झाडणे हा संस्कार असेल. ॲसिड, ब्लीच आणि टाकी यांच्या जवळ त्यांना नेणे हा नव्हे, आणि या दोहोंतील सीमारेषा शाळेने लेखी आखून दिलेली असावी.

प्रथमोपचारात मी पाण्याखेरीज दुसरे काही शिकवीत नाही म्हटले तरी चालेल. डोळ्यात किंवा अंगावर द्रव उडाला की स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे, घड्याळ लावून, धूत राहावे; अंगावरचे भिजलेले कपडे संकोच न करता उतरवावेत; भुकटी असेल तर आधी कोरडी झटकून मग धुवावी; डोळा धुताना पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि बाधलेला डोळा खालच्या बाजूस ठेवावा, म्हणजे ओघळ दुसऱ्यात जात नाही. दूध, मध, तूप, एरंडेल, आम्लावर सोडा आणि सोड्यावर लिंबू या सर्व आजीबाईच्या बटव्यातल्या सूचना तेवढ्यापुरत्या बटव्यातच राहू द्याव्यात. वीस मिनिटे हा काळ ऐकायला अल्प वाटतो. प्रत्यक्ष घड्याळाकडे पाहत कोणाचा डोळा धरून बसा, म्हणजे तो किती लांब आहे हे समजेल, आणि म्हणूनच सरावात मी तो पुरा करवून घेतो. अडचण अशी की या शहरात मार्च-एप्रिलमध्ये नळाला पाणी असेलच याची शाश्वती नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटून शाळा-वसाहतींनी टँकरच्या वाटेकडे डोळे लावलेले आपण पाहिले. प्रयोगशाळेत आणि जिन्याखालच्या खोलीबाहेर वीस लिटरचे दोन भरलेले कॅन, तोटीसह, केवळ या कामासाठी राखून ठेवावेत, दर आठवड्यास पाणी बदलावे, आणि ते चहासाठी वापरणाऱ्याची गय करू नये. डोळा धुऊन होताच वेळ न घालविता नेत्ररुग्णालय गाठावे. कृष्णराजेंद्र मार्केटजवळचे मिंटो हे सरकारी नेत्ररुग्णालय आणि त्याच्या शेजारी व्हिक्टोरिया रुग्णालय हे दोन पत्ते प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर असावेत. कोणी काही गिळले तर ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ किंवा ११२ वर रुग्णवाहिका बोलवावी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर अहोरात्र सल्ला देते त्यास विचारावे, आणि गिळलेल्या द्रव्याचा डबा रुग्णाबरोबर न्यावा. डब्यावर नाव असले तरच त्याला नेण्याचा काही उपयोग, हे निराळे सांगावयास नकोच.

डोळ्यांचा विषय निघाला आहे तर चुन्याविषयी बोललेच पाहिजे, कारण ॲसिडला भिणारी माणसे चुन्याला मुळीच भीत नाहीत. क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर धावपट्ट्या आखण्यासाठी व्यायामशिक्षक आणि त्यांच्याभोवती उत्साहाने जमलेली मुले चुन्याची फक्की उघड्या हातांनी टाकीत जातात, वाऱ्याची एक झुळूक येते, आणि डोळ्यात कचरा गेला म्हणून कोणी तरी डोळा चोळू लागतो. आम्ल डोळ्याच्या पृष्ठभागाला भाजते व पुष्कळदा तेथेच थबकते. अल्कली त्या पृष्ठभागाला विरघळवीत खोल शिरते, आणि चुना अल्कली आहे. कळीचा चुना तर पाणी लागताच उकळतो. हा सारा उपद्व्याप टाळण्यास खडूची भुकटी पुरते. ती थोडी महाग पडते, पण रेघ तितकीच पांढरी उमटते.

प्रयोगशाळेविषयी थोडक्यात, कारण तिच्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधी नाही. आम्लांच्या बाटल्या डोळ्यांच्या पातळीखाली, खोलगट ताटात ठेवाव्यात. नळीने द्रव ओढताना तोंड लावू नये. उष्णतामापक फुटून पारा सांडला तर झाडू न लावता जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवावेत. कपाटात मात्र एक गोष्ट पाहावी. व्यवस्थित शाळांत बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने मांडलेल्या असतात, आणि ती मांडणी तपासनिसास मोहवीत असली तरी रसायनशास्त्राला मंजूर नाही. त्या क्रमाने नॅप्थलीन, म्हणजे डांबरगोळीचे द्रव्य, नायट्रिक आम्लाच्या कुशीत येऊन बसते, एक सहज जळणारे आणि दुसरे जाळण्यास मदत करणारे. जळणारी एका कपाटात, जाळणारी दुसऱ्या, आम्ले तिसरीकडे, अल्कली त्यांच्यापासून दूर, अशी जातवारी करावी. जातिभेद जेथे समर्थनीय आहे अशी एवढीच एक जागा मला ठाऊक आहे. वाळलेले पिक्रिक आम्ल, वर्षानुवर्षे पडलेली ईथरची बाटली, रॉकेल उडून गेलेला सोडियमचा तुकडा, यांपैकी काही दिसले तर हलवू नये, झाकण तर उघडूच नये. कपाट बंद करून जाणकारास बोलवावे.

आयुधपूजेच्या दिवशी या शहरात यंत्र म्हणून ज्याचा उल्लेख करता येईल त्या प्रत्येक वस्तूस हळदकुंकू लागते, आणि त्या रांगेत जनरेटर व इन्व्हर्टरही येतात. बॅटऱ्या भारित होताना हायड्रोजन सोडतात, आणि बंद खोलीत साचलेल्या हायड्रोजनपुढे कापूर लावणे हे देवालाही संकटात टाकण्यासारखे आहे. हायड्रोजनचे सामर्थ्य काय असते हे ५ डिसेंबर २०१८ रोजी येथील भारतीय विज्ञान संस्थेसारख्या विद्यापीठात, जेथे जाणत्यांची वाण नाही, त्या वायूच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक मृत्युमुखी पडला आणि तिघे जखमी झाले तेव्हा साऱ्या शहराने पाहिले. शाळेतले प्रमाण अर्थात त्याच्या शतांशानेही नसते. तरी पूजा जरूर करावी, ती दारे-खिडक्या उघडून, दाराबाहेर, डिझेलपासून दूर. आणि त्याआधीची साफसफाई थिनरने किंवा रॉकेलने बंद खोलीत करू नये.

उरलेसुरले द्रव्य मोरीत ओतणे ही शेवटची, आणि सर्वांत निर्विकारपणे केली जाणारी चूक. येथली मोरी राजकालुवे नावाच्या मोठ्या नाल्यांना मिळते, नाले तळ्यांना, आणि बेळ्ळंदूरचे तळे २०१५ आणि २०१७ साली पाणी असूनही पेटले होते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार असा माल मान्यताप्राप्त संस्थेकडेच सोपवावा लागतो. चर्च स्ट्रीटवरील परिसर भवनात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी केली म्हणजे नावे मिळतात. खरेदी कमी करणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

प्रशिक्षण सभागृहात घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. सात-आठ माणसांनी त्या खोलीतच, कामाच्या वेळेत, पगाराच्या वेळेत, उभे राहून तासभर बोलावे. प्रत्येकाने एक भांडे उचलून यात काय आहे, ते कशासाठी आणि अंगावर उडाले तर काय करावे एवढे आपल्या भाषेत सांगावे. बंगळुरातल्या खाजगी शाळांत सफाईचे काम पुष्कळदा ठेकेदाराकडे असते व माणसे दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून पहिल्या दिवशी हा तास झाल्यावाचून किल्ली हाती द्यावयाची नाही, असे कलम करारनाम्यातच घालावे. ज्ञान पदवीने येते असेही नाही. चिकपेट-नगरतपेटेच्या बोळांत सोने-चांदी शुद्ध करणारे आपले विटा-आटपाडीकडचे गलाईवाले नायट्रिक आम्लाला ‘तेजाब’ या जुन्या फारसी नावानेच ओळखतात. त्यांच्यापैकी एका स्नेह्याने मला सांगितले की कामास बसण्यापूर्वी तो अजून उदबत्ती लावून तिचा धूर कोणीकडे जातो ते पाहतो, आणि मग कोठे बसायचे ते ठरवितो. तेजाबाचा तांबूस धूर त्याने आयुष्यभर पाहिला आहे. वायुवीजन हा शब्द त्याने ऐकलेला नाही.

त्या पाच बाटल्यांच्या शाळेत मी पुढे दोनदा गेलो. लहान बाटल्यांची मागणी मंजूर झाली होती, चिठ्ठ्या दोन भाषांत लागल्या होत्या, आणि मी त्या समाधानाने वाचीत असता अनंतपूरकडून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एका आयाबाईंनी तेलुगू-मिश्रित कन्नडात सांगितले की पहाटे दिवा नसतो, गेला महिनाभर तो जळलेलाच आहे, तेव्हा तुमची चिठ्ठी आणि तुमचे चित्र दोन्ही दिसत नाहीत. बाटलीच्या गळ्याला जाड फडके बांधा, म्हणजे डोळ्याच्या आधी हाताला कळेल. फडकी त्याच दिवशी बांधली गेली, दिवाही बदलला. खर्च कोणत्या सदरात टाकावा याविषयी कारकुनास बराच वेळ अडचण पडली होती असे दिसते, कारण साठ्याच्या वहीत त्या तारखेस, ॲसिडच्या नोंदीखाली, प्रथम काही तरी लिहून खोडलेले आहे, आणि त्याच्यापुढे स्वच्छ अक्षरांत: लाल चिंध्या, नग ७, कायम वापरासाठी.